मोटारगाडीच्या बॅटरीचा अनियमित निचरा

मोटारगाडीच्या बॅटरीचा अनियमित निचरा म्हणजे गाडी बंद करून उभी केलेली असताना तिच्या विद्युतमंडलातून अपेक्षेपेक्षा अधिक प्रवाह वाहून बॅटरी उतरणे आणि हा प्रकार दररोज न घडता अधूनमधून घडणे होय. गाडी बंद असताना वाहणाऱ्या अशा अनावश्यक प्रवाहाला वाहनतंत्रात ‘परजीवी प्रवाह’ अशी संज्ञा आहे. व्यवहारात ‘बॅटरी उतरली’, ‘बॅटरी बसली’ किंवा ‘बॅटरी डाऊन झाली’ असे म्हटले जाते. निचरा सतत होत असेल तर त्याचे मूळ शोधणे तुलनेने सोपे असते. तो अनियमित असेल तर गाडी तपासणीसाठी नेली असता दोष दिसत नाही, शंका म्हणून चांगली बॅटरी बदलली जाते आणि काही दिवसांनी नवी बॅटरीही तशीच उतरते. त्यामुळे या दोषाच्या निदानात उपकरणांइतकेच नोंदींना आणि तपासणीच्या क्रमाला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

पुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्ल विद्युतघट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. आजच्या बहुतेक मोटारगाड्यांतील १२ व्होल्टची बॅटरी ही त्याच तत्त्वावर चालणाऱ्या सहा घटांची एकसर जोडणी असते. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला. त्यानंतर हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत मागे पडली आणि गाडी सुरू होणे बॅटरीवर अवलंबून राहू लागले.

जुन्या गाड्यांत किल्ली बंद केल्यावर घड्याळाखेरीज फारसे काही चालू राहत नसे. आधुनिक गाडीत मात्र इंजिन, दरवाजांची कुलुपे, चोरीरोधक यंत्रणा, संगीतसंच इत्यादींसाठी स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात. गाडी कुलूपबंद केल्यावर हे नियंत्रक एकामागून एक ‘निद्रावस्थेत’ जातात व अत्यल्प प्रवाहावर केवळ स्मृती आणि पहारा चालू ठेवतात. एखादा नियंत्रक झोपलाच नाही, किंवा झोपून मध्येच वारंवार जागा होऊ लागला, तर अनियमित निचरा संभवतो.

भारतात २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीत असंख्य गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या. एकही दोष नसलेली गाडीदेखील दीर्घकाळ उभी राहिल्यास तिची बॅटरी उतरते, हे त्या काळात अनेक वाहनधारकांच्या अनुभवास आले.

सामान्य व असामान्य प्रवाह

नियंत्रक निद्रावस्थेत गेल्यानंतर बहुतेक गाड्यांत ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह सामान्य मानला जातो. अनेक लहान गाड्यांत तो २० ते ३० मिलिअँपिअरच असतो. नेमकी मर्यादा गाडीच्या निर्मात्याने दिलेल्या माहितीवरून ठरवावी लागते.

या आकड्यांचा अर्थ साध्या गुणाकाराने स्पष्ट होतो. भारतातील लहान पेट्रोल गाड्यांत सामान्यतः ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. ५० मिलिअँपिअर प्रवाह २४ तास वाहिल्यास दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे पूर्ण भारित बॅटरी निम्म्यावर येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. हाच प्रवाह ५०० मिलिअँपिअर झाला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि दीड दिवसात बॅटरी निम्मी होते. डिकीतील ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. तो विझला नाही, तर एका दिवसात सुमारे १० अँपिअर-तास खर्च होतात. शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू न होण्यास एवढे कारण पुरेसे असते.

वरील हिशेब नव्या बॅटरीचा आहे. बॅटरी जुनी झाली की तिची प्रत्यक्ष क्षमता घटते. त्यामुळे पूर्वी जो निचरा जाणवत नव्हता तोच पुढे गाडी अडवू लागतो.

निचऱ्यासारखी भासणारी इतर कारणे

गळती शोधण्यापूर्वी मुळात गळती आहे की नाही हे ठरवणे आवश्यक असते. पाण्याची टाकी सकाळी रिकामी आढळली तर तिला भोक असेल, रात्री ती भरलीच नसेल किंवा गाळ साचून ती लहान झाली असेल. बॅटरीच्या बाबतीतही याच तीन शक्यता असतात.

बॅटरीचे आरोग्य : पूर्ण भारित बॅटरीचा विश्रांतीतील विद्युतदाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. १२.४ व्होल्टला ती सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ ला निम्मी आणि १२.० ला सुमारे एक-चतुर्थांश भरलेली असते. इंजिन बंद केल्यावर काही तास हा दाब फसवा असतो, कारण पट्ट्यांच्या पृष्ठभागावर तात्पुरता भार साचलेला असतो. म्हणून मापन गाडी काही तास उभी राहिल्यानंतर करतात. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहता येते. पूर्ण भारित अवस्थेत ते साधारणतः १.२६ ते १.२८ असते. एकाच घटाचे गुरुत्व इतरांपेक्षा ठळकपणे कमी असेल तर तो घट निकामी झाल्याची शक्यता असते. दाब ठीक असूनही बॅटरी भार पेलते की नाही हे भारचाचणीनेच कळते.

भरणा : इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवरील दाब सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावा. काही आधुनिक गाड्यांत इंधनबचतीसाठी तो नियंत्रकाकडून कमी-अधिक केला जातो. ढिला पट्टा, टोकांवर साचलेला पांढरट-हिरवट क्षार किंवा इंजिनाची सैल अर्थ-तार यांमुळे भरणा अपुरा राहतो.

वापराची पद्धत : रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या, त्यात वातानुकूलन व दिवे चालू असतील, तर स्टार्टरने घेतलेली ऊर्जाही पुरती भरून निघत नाही. येथे दोष गाडीत नसतो.

या तिन्ही गोष्टी ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तरच परजीवी प्रवाहाचा शोध घेणे सयुक्तिक ठरते.

निचरा अनियमित का असतो

सतत होणाऱ्या निचऱ्यामागे बहुधा थेट जोडलेले एखादे उपकरण असते. अनियमित निचऱ्यामागे मात्र एखादी बदलणारी परिस्थिती असते. तिचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

चिकटणारे रिले : रिलेमधील स्पर्शबिंदू झिजले वा जळाले की प्रवाह बंद केल्यावरही ते कधीकधी एकमेकांस चिकटून राहतात. तापमान, हादरा किंवा बॉनेट आपटून बंद करणे एवढ्यानेही ते सुटू शकतात आणि दोष दिसेनासा होतो.

दरवाजा व डिकीचे स्विच : कुलुपातील सूक्ष्म स्विचात ओल किंवा धूळ गेल्यास बंद दरवाजा नियंत्रकाला उघडा भासतो आणि गाडी झोपत नाही. पावसाळ्यातच बॅटरी उतरत असेल तर संशयाची सुई प्रथम येथे वळते. कोकणासारख्या दमट किनारी प्रदेशात स्विच व जोडण्या गंजण्याचे प्रमाण अधिक असते.

न विझणारे दिवे : डिकीतील, डॅशबोर्डच्या कप्प्यातील आणि आरशाच्या झडपेखालील दिवे झाकण बंद असताना दिसत नाहीत. सामानाने झाकण किंचित उचलले गेले की दिवा जळत राहतो. सामान नसेल त्या दिवशी दोष नसतो.

अल्टरनेटरमधील डायोड : अल्टरनेटरमधील डायोड बॅटरीचा प्रवाह उलट दिशेने जाऊ देत नाहीत. एखादा डायोड अंशतः निकामी झाला की, विशेषतः तापल्यावर, त्यातून उलटा प्रवाह वाहतो. गाडी रात्रभर उभी राहूनही सकाळी अल्टरनेटर हाताला कोमट लागणे हे याचे लक्षण आहे.

नंतर बसवलेली उपकरणे : संगीतसंच, मागचा कॅमेरा, डॅशकॅम, दूरनियंत्रित कुलूप, सीएनजी संचाचा नियंत्रक आणि स्थानदर्शक यंत्र यांची जोडणी अनेकदा किल्लीवर चालू-बंद होणाऱ्या तारेऐवजी कायम चालू असलेल्या तारेवर केली जाते. स्थानदर्शक यंत्राला संदेशजाळे मिळाले नाही तर ते पुनःपुन्हा शोध घेत अधिक प्रवाह खर्च करते. परिणामी तळघरातील वाहनतळावर बॅटरी उतरते, उघड्यावर उतरत नाही.

जागे राहणारे नियंत्रक : किल्लीविना उघडणाऱ्या गाडीची किल्ली गाडीजवळच्याच खोलीत ठेवल्यास काही गाड्या तिची चाहूल लागून जाग्या होतात. गाडीच्या निदान-जोडणीत कायम खोचून ठेवलेले उपकरणही हाच परिणाम घडवते.

तारांची इजा : उंदरांनी कुरतडलेल्या किंवा पत्र्याच्या कडेवर घासलेल्या तारांतून ओल असताना प्रवाह गळतो व कोरडे पडताच थांबतो.

नोंदवही

अनियमित दोषाच्या निदानाची पहिली पायरी मीटर नसून वही होय. दररोज रात्री गाडी उभी केल्यानंतर साधारण दोन तासांनी आणि सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा दाब नोंदवावा. सकाळी दरवाजा किंवा बॉनेट उघडताच नियंत्रक जागे होऊन दाब थोडा खाली येतो, म्हणून दोन्ही वेळी मापनाची पद्धत एकच ठेवावी. सोबत हवामान, गाडी उभी करण्याची जागा, शेवटी उघडलेला दरवाजा, डिकीतील सामान, किल्लीची जागा आणि गाडी बंद करण्यापूर्वी वापरलेली उपकरणे यांची नोंद असावी.

उदाहरणादाखल, ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या नोंदीत दहा रात्रींपैकी आठ रात्री दाब १२.६२ वरून १२.६० पर्यंतच उतरला आणि दोन रात्री तो १२.४ वर आला असे मानू. या दोन रात्री सुमारे पाव क्षमता, म्हणजे अंदाजे ९ अँपिअर-तास खर्च झाले. रात्र दहा तासांची धरल्यास सरासरी प्रवाह ०.९ अँपिअर, म्हणजेच सुमारे ११ वॅट ठरतो. ५ वॅटचा एक दिवा एवढा निचरा करू शकत नाही. जागा राहिलेला संगीतसंच किंवा नियंत्रकांचा गट करू शकतो. त्या दोन रात्रींत समान असलेली आणि उरलेल्या आठ रात्रींत नसलेली गोष्ट कोणती, हे नोंदीतून दिसले की शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपशीर होते.

मापनाच्या पद्धती

मापनापूर्वीची तयारी

दरवाजे उघडे ठेवून काम करावयाचे असल्यास कुलुपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद अवस्थेत आणतात, म्हणजे नियंत्रकाला दरवाजा बंद असल्याचे भासते. बॉनेटला स्विच असल्यास तोही तसाच दाबून ठेवतात. काम संपल्यावर दरवाजा लावण्यापूर्वी जीभ पूर्ववत केली नाही तर कुलूप मोडण्याचा धोका असतो. किल्ली गाडीपासून दूर ठेवून गाडी कुलूपबंद करतात आणि नियंत्रक झोपण्याची वाट पाहतात. यास सामान्यतः २० ते ४० मिनिटे लागतात. काही गाड्यांत एक तासही लागतो. या अवधीपूर्वी घेतलेले मापन निरर्थक असते. घाईने केलेल्या तपासणीत सुस्थितीतील गाडीही दोषी ठरते.

एकसर जोडलेला मीटर

बॅटरीचे ऋणाग्र व त्याची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर जोडला असता प्रवाह थेट वाचता येतो. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर घेत असल्याने मीटरचा फ्यूज तत्काळ वितळतो.

अनियमित दोषाच्या बाबतीत या पद्धतीत एक महत्त्वाची अडचण आहे. मीटर जोडण्यासाठी तार काढताच सर्व नियंत्रकांचा पुरवठा तुटतो आणि अडकलेला नियंत्रक किंवा रिले मूळ स्थितीत येतो. तपासणीच्या कृतीनेच दोष पुसला जातो. हे टाळण्यासाठी तार काढण्यापूर्वी ऋणाग्र आणि तार यांच्यामध्ये एक जाड जोडतार लावतात, मग तार काढून मीटर जोडतात आणि शेवटी जोडतार काढतात. अशा रीतीने पुरवठा क्षणभरही खंडित होत नाही.

क्लॅम्प मीटर

दिष्ट प्रवाह मोजणारा आणि काही मिलिअँपिअरपर्यंतचा फरक दाखवणारा क्लॅम्प मीटर तारेभोवती अडकवला की काहीही न सोडवता प्रवाह कळतो. अनियमित निचऱ्यासाठी ही पद्धत अधिक योग्य आहे. घरगुती वीजकामातील अनेक क्लॅम्प मीटर केवळ प्रत्यावर्ती प्रवाह मोजतात. ते येथे उपयोगी पडत नाहीत. प्रत्येक मापनापूर्वी मीटर शून्यावर आणणे आवश्यक असते.

फ्यूजवरील दाबघट

दोषी मंडल ओळखण्याची जुनी रीत म्हणजे एकेक फ्यूज काढून प्रवाह केव्हा घटतो ते पाहणे. परंतु फ्यूज काढल्याने व परत बसवल्याने नियंत्रक जागे होतात, आणि चिकटलेला रिले सुटूनही जाऊ शकतो. त्याऐवजी फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंवर मिलिव्होल्टमध्ये दाब मोजतात. फ्यूजलाही अल्पसा रोध असतो. त्यातून प्रवाह वाहत असेल तर दाबघट दिसते, नसेल तर शून्य दिसते. १० अँपिअरच्या सामान्य पातीच्या फ्यूजचा रोध सुमारे साडेसात मिलिओहम असतो. म्हणजे १०० मिलिअँपिअर प्रवाहास सुमारे ०.७५ मिलिव्होल्ट दाबघट येते. मोठ्या क्षमतेच्या फ्यूजचा रोध याहून कमी असतो, म्हणून तेवढ्याच दाबघटीचा अर्थ अधिक प्रवाह असा होतो.

सलग नोंद

दोष मध्यरात्री घडत असेल तर दुपारच्या मापनाने तो सापडत नाही. अशा वेळी न्यूनतम व कमाल मूल्य साठवणारा मीटर किंवा ठरावीक अंतराने मूल्य नोंदवणारे उपकरण रात्रभर जोडून ठेवतात. मिळणाऱ्या आलेखाचा आकार सूचक असतो. सुरुवातीपासून सारखाच चढा राहिलेला प्रवाह न विझलेला दिवा किंवा चिकटलेला रिले सुचवतो; ठरावीक अंतराने येणारी शिखरे पुनःपुन्हा जागा होणारा नियंत्रक किंवा स्थानदर्शक यंत्र दर्शवतात; मध्येच अचानक वाढून टिकून राहिलेला प्रवाह एखाद्या स्विचातील वा जोडणीतील दोषाकडे बोट दाखवतो.

उष्णतेचा माग

प्रवाह वाहतो तेथे थोडीफार उष्णता निर्माण होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहाटे फ्यूजपेटीतील एखादाच रिले इतरांपेक्षा उबदार लागला, तर तो चालू राहिल्याचा तो पुरावा ठरतो. उष्णताचित्रक कॅमेऱ्याने हा फरक स्पर्श न करता दिसतो.

निष्कर्षाची खातरजमा

एकदा मोजलेला प्रवाह सामान्य आढळला म्हणजे गाडीत दोष नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या वेळी दोष प्रकट नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होते. तसेच एखादा भाग बदलल्यावर दोन दिवस बॅटरी टिकली, यावरून दोष दूर झाला असेही ठरत नाही. दोष सरासरी पाच रात्रींतून एकदा प्रकट होत असेल, तर दोन निर्धोक रात्री हा पुरावा अपुरा आहे. किमान दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी पाहणे इष्ट असते.

संशयित भाग सापडल्यावर शक्य असल्यास दोष मुद्दाम घडवून पाहतात. उदाहरणार्थ, दरवाजाच्या स्विचावर संशय असेल तर दरवाजा हलकेच दाबून वा हलवून प्रवाहातील बदल पाहिला जातो. डायोडवर संशय असेल तर इंजिन पुरेसे तापवून गाडी बंद केल्यावर मापन घेतले जाते. भाग जोडलेला असताना दोष येतो आणि तो वेगळा करताच येत नाही, असे पुनःपुन्हा दिसले तरच निदान पक्के मानावे. एका वेळी एकच बदल करणे हा येथील मूलभूत नियम आहे. दोन भाग एकदम बदलले तर दोष कोणत्या भागात होता हे कधीच कळत नाही.

बॅटरीवर होणारे परिणाम

शिसे-आम्ल बॅटरी वारंवार पूर्ण उतरली किंवा उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. या प्रक्रियेस सल्फेशन म्हणतात. त्यामुळे क्षमता कायमची घटते. निचरा दूर केला तरी बॅटरी दुबळीच राहते, आणि दुबळी बॅटरी पाहून निचरा अजून चालूच असल्याचा ग्रह होतो. म्हणून दुरुस्तीनंतर बॅटरी बाहेरील चार्जरने पूर्ण भारित करून तिची भारचाचणी घेणे आवश्यक ठरते. बॅटरी बदलायचीच असेल तर ती निचरा सापडल्यानंतर बदलावी. आधी बदलल्यास नव्या बॅटरीचेही आयुष्य घटते.

तात्पुरते उपाय

निदान होईपर्यंत ऋणाग्राजवळ बसवलेला खंडक स्विच, दीर्घकाळ उभ्या गाडीसाठी देखभाल-चार्जर आणि प्रवासात सोबत ठेवलेला जंप-स्टार्टर हे उपाय उपयुक्त असतात. मात्र खंडक स्विच बंद असताना चोरीरोधक यंत्रणा व स्थानदर्शक यंत्रही बंद पडते, आणि घड्याळ, काचा, संगीतसंच यांची मांडणी पुन्हा करावी लागू शकते. हे उपाय बॅटरी वाचवतात; दोष मात्र तसाच राहतो. चिकटणाऱ्या रिलेत किंवा घासलेल्या तारेत पुढे आगीचा धोका संभवत असल्याने मूळ दोषाचा शोध टाळणे हितावह नसते.

सुरक्षितता

भरणा चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे जवळ ज्योत वा ठिणगी नसावी. बॅटरी सोडवताना ऋणाग्राची तार प्रथम काढतात आणि जोडताना ती सर्वांत शेवटी लावतात, म्हणजे पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी लघुमंडल होत नाही. आम्लापासून बचावासाठी चष्मा व हातमोजे वापरावेत आणि हातातील अंगठी, कडे किंवा धातूचे घड्याळ काढून ठेवावे. सुरक्षा-फुग्यांच्या मंडलातील फ्यूज व पिवळ्या आवरणाच्या जोडण्या प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज इतरांनी हाताळू नयेत. विद्युत व संकरित गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. अशा गाड्यांतही १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी असते आणि तिचाही निचरा होऊ शकतो; मात्र तपासणी केवळ या साहाय्यक मंडलापुरतीच मर्यादित ठेवावी लागते.